पाणीवाल्या मावशींची लाल रेघ

कारखान्यात नवीन ट्रक ड्रायव्हर आला की एक गंमत ठरलेली असते. आत शिरल्या शिरल्या तो विचारतो, प्यायचं पाणी कुठे मिळेल? मग तिथली बेरकी मंडळी चेहरा सरळ ठेवून त्याला शेडच्या पार टोकाला पाठवतात. "त्या काय, तिथे बसल्यात पाणीवाल्या मावशी." ड्रायव्हर जातो आणि रिकामी बाटली पुढे करून उभा राहतो. मावशी त्याच्याकडे बघत नाहीत, कारण त्या समोरच्या दगडाकडे बघत असतात. "पिंप दाराशी आहे," त्या म्हणतात, "आणि जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय."

मावशींचं काम सांगायला सोपं आणि पटायला अवघड. संगमरवरावर पाणी मारायचं आणि ते वाळेपर्यंत बघत बसायचं. एवढ्यासाठी कुणी धडधाकट बाई कामाला ठेवतं, यावर मावशींच्या माहेरी सव्वीस वर्षांत कुणाचा विश्वास बसलेला नाही. थोरला भाऊ अजून विचारतो, "आणि वाळलं की मग काय करतेस?" "पुन्हा ओलं करते," असं मावशी सांगतात, आणि ते अगदी खरं असतं.

त्याचं असं आहे. डोंगरातून आलेला दगडाचा ठोकळा आधी मोठ्या करवतीखाली जातो. एका लोखंडी चौकटीत ओळीनं ताणलेली कितीतरी पाती, ती झोपाळ्यासारखी मागेपुढे होत राहतात, वरून पाण्याच्या धारा चालू असतात, आणि दिवसभर नि रात्रभर ही कुरकुर झाली की ठोकळ्याच्या माणसाहून उंच लाद्या झालेल्या असतात. त्या धुऊन, लाकडी घोड्यांवर टेकवून मावशींच्या शेडमध्ये येतात. मावशी रुंद ब्रशनं पाणी मारतात, फडक्यानं वरचं पुसतात आणि स्टुलावर बसतात. दगडातल्या करड्या, सोनेरी शिरा दगडाच्याच असतात. त्या दगडाबरोबर ओल्या होतात आणि दगडाबरोबर वाळतात. तडा मात्र पाणी पिऊन बसतो. बाकी सगळी लादी पांढरी झाली तरी तो केसाएवढा काळा राहतो, तोही थोडाच वेळ. त्या थोड्या वेळात जो बघत असेल त्यालाच तो दिसतो. मग मावशी उठतात, लाल खडू घेतात आणि तड्यावरून रेघ ओढतात. लोकांची काळ्या दगडावरची रेघ असते. आमच्या मावशींची पांढऱ्या दगडावरची, पण ती कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

कामाला लागल्या तेव्हा त्या नुसत्या लाद्या धुवायच्या. तपासायला एक म्हातारे वस्ताद होते, ते बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचे. धुता धुता मावशींना दिसायचं की काही रेषा उशिरा वाळतात. एकदा हिय्या करून त्यांनी वस्तादांना तसं सांगितलं. वस्ताद म्हणाले, "तू पाणी ओत, अक्कल ओतायला मी आहे." ती लादी पुढे एका इमारतीच्या भिंतीवर चढली आणि आठवडा व्हायच्या आत अर्ध्यातून तुटून खाली आली. खाली चार कामगार असायचे, ते नेमके चहाला गेले होते. त्यानंतर तपासणी मावशींकडे आली, आणि मावशींनी कुणी चहा विचारला तर नको म्हणणं सोडून दिलं.

खरी मौज पुढेच आहे. हे ठोकळे ज्या खाणीतून येतात तिथले मुकादम म्हणजे मावशींचे यजमान. नवरा डोंगरातून दगड काढतो आणि बायको त्या दगडातून खोट काढते. यावर इतके विनोद होऊन गेलेत की आता लोकांना नवीन सुचत नाहीत. लग्नानंतर काही वर्षांनी, म्हणजे मावशींच्या हातात नुकताच खडू आला होता तेव्हा, मुकादमांच्या एका ठोकळ्यावरून घरात असं रण माजलं की आठ दिवस दोघं दोन खोल्यांत जेवली. मग मुकादमांनीच नियम घातला, की दगड उंबऱ्याबाहेर. दारात बूट काढायचे, कपड्यांवरची पांढरी धूळ झटकायची आणि आत आलं की टाकीच्या गळतीबद्दल, लेकीच्या फोनबद्दल, शेजारच्या मांजरीबद्दल, कशाबद्दलही बोलायचं, पण दगडाबद्दल नाही. हा नियम दोघांनी इतका पाळला की मुकादमांनी बायकोची शेड आतून कधी पाहिली नव्हती.

मुकादमांच्या मनात मात्र एक गोष्ट होती. चौतीस वर्षं त्यांनी डोंगर कापला, पण त्यांचा दगड ट्रकवर चढून जायचा तो जायचाच. कुठल्या कुठल्या शहरांत तो लागला असेल. लागलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. शिंप्याला आपण शिवलेला सदरा घालून जाणारा माणूस निदान रस्त्यात दिसतो. आता सहा महिन्यांत निवृत्त व्हायचं होतं, आणि अशा वेळी त्यांच्याच गावात नवं वाचनालय उभं राहायला लागलं. दिवाणखान्याएवढ्या दालनात समोर एक भिंत, तिच्यावर दहा-दहा फुटी सहा लाद्या, एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेल्या, आणि पुस्तकाची पानं उघडावीत तशा शेजारी शेजारी उघडून लावलेल्या, म्हणजे एकीतली शीर दुसरीत आरशासारखी उलटी दिसणार. आर्किटेक्टबाईंनी त्यासाठी मुकादमांच्या खाणीतलाच पांढरा थर पसंत केला होता.

त्या संध्याकाळी मुकादम दारात थांबले. एक बूट पायात, एक हातात. आत मावशी होत्या. उंबरा ओलांडला नाही म्हणजे नियम मोडला नाही, असा त्यांनी हिशेब केला असावा. "एक भिंत," ते म्हणाले. "जिच्यासमोर उभं राहून म्हणता येईल, ही मी डोंगरातून काढली. बस, एवढं झालं की मी मोकळा."

"होईल की," मावशी म्हणाल्या. "दुसरा बूट काढा आता."

कडा पाडायचा दिवस सोमवारी आला. खाणीची सुट्टी रविवारी आणि कारखान्याची सोमवारी, त्यामुळे या जोडप्याला एकत्र सुट्टी अशी जन्मात मिळाली नव्हती. मावशी डबा घेऊन खाणीवर गेल्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा डोंगर जवळूनही साजराच होता, फक्त अर्धा उरला होता. उरलेल्या अर्ध्यात माणसाच्या दुप्पट उंचीच्या पायऱ्या कापलेल्या, ऊन लागून डोळे दिपवणाऱ्या.

दगड सुरुंगानं उडवत नाहीत, त्यानं तो आतून फुटतो. वरून एक भोक पाडतात, समोरून एक, आणि दोन्ही डोंगराच्या पोटात नेमकी एकमेकांना भेटावी लागतात. मग त्यांतून तार ओवायची, जिच्यावर हिऱ्याच्या भुकटीचे मणी असतात. तारेची टोकं जोडून माळ करायची आणि यंत्रानं ती फिरवत ओढायची. साबणाच्या वडीतून दोरा जावा तशी ती दगडातून जाते, पण तीन-तीन दिवस घेते. असा तिन्ही अंगांनी सोडवलेला कडा आता डोंगराला नुसता टेकून उभा होता. त्याच्यामागच्या फटीत लोखंडी पिशव्या सरकवल्या होत्या. त्यांत पाणी भरलं की त्या फुगणार आणि कडा पुढे ढकलला जाणार. पुढे त्याला झेलायला मुरूम आणि खडी यांची गादी.

ही गादी म्हणजे मुकादमांचा हातखंडा. गुडघाभर जाड हवी, आणि ते स्वतः तिच्यावर चालून बघायचे. बूट घोट्यापर्यंत रुतला तरच "झालं" म्हणायचे. त्या दिवशी आर्किटेक्टबाई आल्या होत्या, वाचनालयाच्या कमिटीतले दोघं कॅमेरे घेऊन आले होते आणि त्यांना दुपारच्या आत परतायचं होतं. मुरूम आणणारं लोडर खालच्या वळणावर पंक्चर होऊन बसलं होतं. उजव्या कोपऱ्यात गादी पातळ होती. मुकादम तिथे चालले, थांबले, घड्याळाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं.

"होईल," ते म्हणाले.

मावशींच्या कानाला तो शब्द नवा लागला. हा माणूस कायम "झालं" म्हणायचा.

पिशव्यांत पाणी भरायला लागलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडा इतका हळू कलला की आपलेच डोळे फिरताहेत असं वाटावं, आणि मग एकदम आला. जमीन हादरली, धुरळा उठला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम मान तिरकी करून तसेच उभे राहिले. धुरळा बसल्यावर हातोडी घेऊन ते पडलेल्या दगडाभोवती ठोकत फिरले. टण, टण, टण, स्वच्छ आवाज. उजव्या कोपऱ्याशी त्यांनी एकदा ठोकलं, थांबले, तिथेच पुन्हा एकदा ठोकलं. मग पुढे गेले आणि आर्किटेक्टबाईंना म्हणाले, "दगड उत्तम आहे." मावशींनी डबा उघडला. मुकादम नेहमीपेक्षा कमी जेवले, पण पाहुणे होते म्हणून तसं झालं असेल असं मावशींना वाटलं.

पंधरा दिवसांनी, पडलेल्या कड्यातून भिंतीचा ठोकळा कापून झाल्यावर, जेवताना मुकादम म्हणाले, "उद्या माझा ठोकळा करवतीवर चढतोय."

"बाहेर जाऊन सांगा," मावशी म्हणाल्या.

तो गृहस्थ खरोखर पानावरून उठला, उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला आणि अंगणातून म्हणाला, "उद्या माझा ठोकळा करवतीवर चढतोय. नीट बघशील ना?"

"मी वाकडं कधी बघितलंय?"

मुकादम आत येऊन पुन्हा जेवायला बसले आणि टाकीच्या गळतीबद्दल बोलायला लागले.

ठोकळ्याच्या चाळीस लाद्या निघाल्या, चांगल्या दोन बोटं जाड. मावशींनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या अकरा निर्मळ होत्या, पण त्यांत शीर अजून उमटलीच नव्हती, नुसता पांढरा दगड. बाराव्या लादीपासून शीर यायला लागली. सतरा ते बावीस या सहा लाद्या मावशींनी पाहिल्या तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघून गेलं. करडी शीर वरच्या कोपऱ्यातून उतरत होती आणि मधेच तिला सोनेरी फाटा फुटत होता. आर्किटेक्टबाईंना हव्या होत्या त्या याच सहा. मावशींना अभिमान वाटला. आपला नवरा हे डोंगराच्या पोटातून काढतो, हे त्यांना आज पहिल्यांदा नीट दिसलं.

त्यांनी पाणी मारलं, पुसलं आणि बसल्या.

सतरावी वाळत आली. शीर वाळली. खाली उजव्या कोपऱ्यापासून वर हातभर एक काळा केस राहिला. मावशी उठल्या, जवळ गेल्या, तोवर तो गेला. फडकं नीट फिरलं नसेल असं म्हणून त्यांनी पुन्हा पाणी मारलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदाही मारलं, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही लादीला तिसरी संधी दिली नव्हती. त्या मागे गेल्या. बाराव्या लादीच्या त्याच कोपऱ्यात बोटभर केस होता, शीर बघण्याच्या नादात सुटलेला. पुढे गेल्या. बाविसावीत तो लादीच्या निम्म्यापर्यंत चढला होता. चाळिसावीपर्यंत तो होताच.

करवत चालवणारा गडी मागे येऊन उभा राहिला. भला माणूस, मुकादमांना मानणारा. "मावशी," तो हळूच म्हणाला, "मागून जाळी चिकटवू, आत रेझिन भरू, वर पॉलिश. भिंग लावून बसलं तरी दिसणार नाही कुणाला. सगळीकडे करतात."

"दिसणार नाही हे खरंच," मावशी म्हणाल्या. "पण असेल."

"भिंतच तर आहे. तिच्यावरून कुणी चालणार आहे थोडंच?"

"तिच्याखाली पोरं बसणार आहेत, वह्या घेऊन."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खडू हातात घेऊन मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. उंबऱ्याबाहेर एक बूट हातात घेतलेला माणूस त्यांना दिसत होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते थोडंसं रडून घेतलं. शेडमध्ये दगडाचं पाणी इतकं उडतं की कुणी विचारत नाही. मग त्यांनी रेघ ओढली. बारा ते चाळीस, एकोणतीस लाद्यांवर एकोणतीस रेघा.

मालक आले, रेघा बघून डोकं खाजवलं. "मावशी, एक घाव दोन तुकडे सांगा. चालेल की नाही?"

"भिंतीला नाही."

मालकांनी वाद घातला नाही. आर्किटेक्टबाईंना फोन गेला आणि भिंतीसाठी दुसऱ्या खाणीतला करडा दगड ठरला.

असली बातमी ट्रकपेक्षा वेगानं डोंगर चढते. दुपारपर्यंत ती खाणीत पोचली होती. संध्याकाळी मुकादम आले, दोन्ही बूट काढले, धूळ झटकली, आत आले आणि मूग गिळून बसले. ओरडले असते तर मावशींना बरं वाटलं असतं. चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. पाचव्या दिवशी नणंदबाई आल्या. ही मुकादमांची थोरली बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहणारी, कुणाच्याही घरात काय शिजतंय ते झाकण न काढता सांगणारी.

"नवऱ्याच्या दगडावर रेघ ओढलीस म्हणे," त्या बसायच्या आधी म्हणाल्या.

"दगडावर ओढली, वन्सं. नवऱ्यावर नाही."

"अगं, पण एवढं कडक कशाला व्हायचं? जन्मात एक मागितलं माझ्या भावानं."

"तुम्ही बसाल त्या भिंतीखाली?"

नणंदबाईंनी विचार केला. त्या भांडखोर होत्या, पण खोटारड्या नव्हत्या. "मी नाही बाई," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

चहा होईपर्यंत मावशींच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर त्या शेडमध्येच राहिल्या. तडा कोपऱ्यातून तिरका वर जात होता. म्हणजे त्याच्या डाव्या अंगाला निम्म्याहून जास्त दगड धडधाकट होता, आणि शीर नेमकी त्याच अंगाला होती. दहा फुटी भिंतीला तो पुरणार नव्हता. पण सगळ्यालाच दहा फूट कशाला लागतात? मावशींनी लेखनिकाकडून निळा खडू मागून घेतला. सव्वीस वर्षं लाल खडू धरणाऱ्या बाईनं निळा मागितला म्हणून लेखनिकानं दोनदा विचारलं. सुतळीनं मापं घेत त्या लादीमागून लादीवर चौकटी आखत गेल्या, साडेचार फूट लांब, सव्वा फूट रुंद, लाल रेघेपासून चांगलं वीतभर अंतर सोडून.

आर्किटेक्टबाई करडा दगड बघायला आल्या तेव्हा मावशींनी त्यांना बोलावलं. "तुमच्या वाचनालयाला जिना आहे ना?"

"आहे. सव्वीस पायऱ्या. त्याला साधा दगड ठरलाय."

"या बघा सव्वीस पायऱ्या. दोन जास्तीच्या. शीर खालपासून वरपर्यंत चढत नेता येईल."

बाई लाद्यांपुढून तीनदा फिरल्या. "तडा?"

"तो मी बाहेर ठेवलाय. पायऱ्या कापून झाल्या की एकेक परत ओली करीन." आणि मग मावशींनी एवढं मोठं भाषण केलं की स्वतःच दचकल्या. "भिंतीकडे माणूस पहिल्या दिवशी बघतो. जिना रोज चढतो. आणि आरशासारखं पॉलिश करू नका, पोरं घसरतील. नुसता हात फिरवला की मऊ लागेल इतकंच घासा."

बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

पायऱ्या कापल्या, कडा गोल केल्या, घासल्या. पाठवायच्या आधी त्या कारखान्याच्या आवारात ओळीनं मांडून बघायच्या आणि मागे नंबर घालायचे, अशी पद्धत. मावशींनी मांडल्या, पण शीर काही जुळेना. तिसऱ्या पायरीवर चढायची, सातवीवर हरवायची, बारावीवर उलटी उतरायची. दगड डोंगरात कसा झोपला होता हे माहीत असलेला माणूस हवा होता, आणि असा माणूस एकच होता. मावशींनी मालकांकरवी निरोप धाडला, की मुकादमांनी येऊन दाखवावं.

घरी हे सांगता आलं नसतं का, असं तुम्ही विचाराल. नसतं आलं. नियम होता ना.

मुकादम आले. दारात सवयीनं बूट काढायला वाकले, मग लक्षात आलं की हे घर नाही. पहिल्यांदाच त्यांनी ती शेड पाहिली, उत्तरेची खिडकी, लाकडी घोडे, ब्रश, फडकी, आणि झिजून मधे खोलगट झालेलं स्टूल. स्टुलाकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग आवारात आले, गुडघ्यावर बसले आणि न बोलता पायऱ्या हलवायला लागले. नववी त्यांनी उलटी फिरवली.

"हिचं तोंड डोंगरात वर होतं," ते म्हणाले. पाच आठवड्यांत बायकोशी बोललेलं हे पहिलं सबंध वाक्य.

"मग ही?" मावशींनी विचारलं.

"ती हिच्या खालची. ही इकडे दे."

तास-दीड तास दोघं गुडघ्यांवर रांगत होती. करवतवाला लांबून बघत होता आणि कुणालाही तिकडे फिरकू देत नव्हता. शेवटी शीर पहिल्या पायरीला डावीकडून शिरली आणि एकेक पायरी चढत सव्विसावीवर उजवीकडून निघून गेली. मुकादम उठले, गुडघे झाडले. कडेला कापून टाकलेल्या तुकड्यांचा ढीग होता, लाल रेघांसकट. त्यातला एक त्यांनी उचलला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

"झालं," ते म्हणाले.

वाचनालय उघडलं तेव्हा मुकादम निवृत्त होऊन महिना झाला होता. उद्घाटनाच्या गर्दीत ही दोघं गेलीच नाहीत. आठवड्यानं, मावशींच्या सोमवारी गेली. मुकादमांना आता सगळेच सोमवार. दालनातली करड्या दगडाची भिंत छान होती. मुकादम तिच्यासमोर उभे राहिले, चांगली मान वर करून तिला पाहिलं आणि म्हणाले, "चांगला दगड आहे. गादी जाड घातली असणार."

जिन्यावरून पोरं धडाधडा चढत-उतरत होती. एकही खाली बघत नव्हतं. मुकादम कठड्याला धरून पहिली पायरी चढले, दुसरी चढले. नवव्या पायरीशी थांबून त्यांनी बुटाच्या टोकानं शीर कुठून आत येते ते बघितलं. मग तिथेच कडेला बसले. मावशी शेजारी बसल्या. मुकादमांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि घोट घेण्याऐवजी पायरीवर ओतलं. हातरुमालानं वरचं पुसलं.

"आजोबा, पाणी सांडलं का?" वर जाणारी वाचनालयातली मुलगी थांबली. "पुसायला सांगू कुणाला?"

"नको," मुकादम म्हणाले. "वाळेल."

दोघं बघत बसली. मुकादमांना सवय नव्हती, ते सारखे चुळबुळत होते.

"कडा पडला ना," ते थोड्या वेळानं पायरीकडेच बघत म्हणाले, "तेव्हाच मला आवाज आला होता. आतून."

"ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"त्या कोपऱ्यात तुम्ही दोनदा ठोकलंत. बाकी सगळीकडे एकदा. तेव्हा नाही कळलं. रेघ ओढताना कळलं."

पाणी कडेकडेनं मागे सरायला लागलं होतं. "मग बोलली का नाहीस?"

"दगड उंबऱ्याबाहेर. नियम कुणाचा?"

"गादी पातळ होती. मला दिसत होतं. पण ती माणसं जातील असं वाटलं." त्यांनी रुमालाची घडी घातली, परत मोडली. "आणि मग वाटलं, सव्वीस वर्षांत एकदा तरी तुझी नजर चुकेल. माझ्यापुरती."

"आणि चुकली असती तर?"

दोन पोरं त्यांच्या मधून उड्या मारत वर गेली.

"तर भिंत झाली असती," ते म्हणाले. "पण तुला मी तिच्याजवळ उभं राहू दिलं नसतं."

मावशींनी आपला हात मुकादमांच्या हातावर ठेवला, आणि वाचनालयाच्या भर जिन्यात, लोकांच्या देखत, तो तिथेच राहू दिला. समोर पायरी वाळत होती. शीर वाळली, तिच्या आजूबाजूचा दगड वाळला, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत पायरी सगळी एकसारखी पांढरी झाली.

"उठा आता," मावशी म्हणाल्या. "लोकांच्या वाटेत बसलोय आपण."